वादळ, वीज आणि विझलेली चूल

३ जून २०२०, भर दुपार. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं-पत्रे उडाले, विजेचे खांब काडीसारखे मोडले. वीज किती दिवसांनी आली यावर तेव्हा बरंच लिहून आलं. दापोली-मंडणगडकडच्या काही वाड्यांना तर महिना उलटून गेला. पण त्या दिवसांत घराघरात रांधलं कसं, यावर फारसं कुणी बोललं नाही. रांधणारीला विचारलंच नाही, तर कळणार कसं?

शहरातल्या माणसाला वाटतं, गॅसला वीज लागत नाही, मग अडलं कुठे? अडलं बरंच. विहिरीवरची मोटर बंद, म्हणजे पाणी शेंदून आणा. गिरणी बंद, म्हणजे पीठ नाही, भाकरी नाही, नुसता भात. मिक्सर बंद, आणि पाटा-वरवंटा कधीच परसात तुळशीशेजारी जाऊन पडलेला. सिलिंडर संपला तर नोंदवायला मोबाईल हवा, त्याला रेंज हवी, चार्जिंग हवं. वर रस्त्यात झाडं पडलेली, गाडी येणार कुठून?

ही अवस्था एका दिवसात आली नाही. कोकणात पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी असायची. मीठ-मिरची, सुकी मासळी आणि त्यांच्याइतकीच महत्त्वाची लाकडं, शेणी, सोडणं, करवंट्या. सगळं पडवीत नाहीतर माळ्यावर कोरडं रचलेलं. आठ दिवस घराबाहेर पडता आलं नाही तरी चूल पेटायची. धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा, म्हणजे निदान थोडा तरी. बाकीचा बाईच्या डोळ्यांत आणि छातीत. त्यामुळे चुलीवरच्या जेवणाचं कौतुक पुरुषांनी जरा बेतानंच करावं, असं माझं मत आहे.

मग रॉकेल आलं. स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास प्रायमस स्टोव्ह निघाला आणि त्याची भावंडं आपल्याकडे घरोघरी पोचली. पितळी टाकी, पंप, पिन, आणि तो भरभर आवाज. भडका उडायची भीतीही तेवढीच. १९७७ मध्ये इंडियन ऑइलच्या फरिदाबादच्या संशोधन केंद्रानं वातीचा ‘नूतन’ स्टोव्ह काढला, कमी रॉकेलात जास्त आच देणारा. मुंबईत गॅस १९५० च्या दशकातच ‘बर्शेन’ नावानं आला होता, पण खेड्यात रॉकेलचंच राज्य होतं. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहिलेली पिढी अजून आहे. दिवाही त्याच डब्यातला, स्टोव्हही त्यातलाच. म्हणून वीज गेली तर स्वयंपाकघराला फारसं कळायचंही नाही.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली. गॅस खेड्यात पोचला हे चांगलंच झालं, यात वाद नाही. पण गॅस आला तसं त्या घरांचं रेशनचं रॉकेल बंद होत गेलं. स्टोव्ह भंगारात गेले. घरकुलं पक्की झाली, वर स्लॅब आला, धुराडं गेलं. एक चांगली सोय देताना जुनी जोडसोय काढून घेतली आणि मोकळ्या जागेत काय ठेवायचं याचा विचार कुणी केला नाही. ‘निसर्ग’ आलं तेव्हा ज्यांनी लाकडं जपली होती त्यांचीही छप्परं उडाली आणि बेगमी भिजली. पडलेल्या झाडांचा खच दारात, पण ओलं लाकूड जळतं कुठे? नुसतं धुमसतं.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) जुलै २०२१ च्या महापुरानंतर राज्य सरकारनं पूरग्रस्त कुटुंबांना धान्याबरोबर ५ लिटर रॉकेल मोफत जाहीर केलं. म्हणजे अडीनडीला रॉकेल लागतं हे सरकारला ठाऊक होतं. ते कशात घालून पेटवायचं, हा प्रश्न मात्र ज्याचा त्यानं सोडवायचा.

यात एक धोका आहे, तो स्पष्ट सांगतो. स्लॅबच्या घरात खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर निदान खोकायला तरी लावतो. फुललेला निखारा धूर देत नाही, म्हणून तो जास्त फसवा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत टेक्सासला हिमवादळानं वीज गेली, तेव्हा लोकांनी अंगणातल्या कोळशाच्या शेगड्या उबेसाठी घरात आणल्या, बंद गॅरेजात गाड्या चालू ठेवल्या. त्यात माणसं गेली. श्रीमंत देश, पक्की घरं. आपल्याकडे बाहेर पाऊस कोसळत असताना शेगडी आत घ्यावीशी वाटणं साहजिकच आहे. घ्यायचीच झाली तर पडवीत घ्या. दारं-खिडक्या सताड उघडी टाकून ओट्यावर ठेवणं हीसुद्धा नाइलाजाची गोष्ट आहे, आणि झोपताना तर ती घरात नकोच.

दर मे महिन्यात तालुक्याला मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. होड्या, करवती, जेसीबी, धान्यसाठा सगळं कागदावर येतं. त्यात आणखी एक रकाना घाला: कुठल्या गावात चूल कुठे पेटेल. बहुतेक शाळांत पोषण आहाराची खिचडी शिजवायची शेड आहे, मोठी पातेली आहेत, रांधणाऱ्या बायका आहेत. तिथे दोन भरलेले सिलिंडर आणि ताडपत्रीखाली कोरडी लाकडं मेअखेर पोचवायला किती खर्च येतो?