समीकरणातला तो 'दोन' आला कुठून?

आजचा भाग टायट्रेशनवर. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका!

बारावीच्या प्रॅक्टिकलला माझं उत्तर बरोब्बर निम्मं आलं होतं. फ्लास्कमध्ये १० मिली ऑक्झॅलिक अॅसिड, ०.१ मोलर. ब्युरेटमधून २० मिली सोडियम हायड्रॉक्साइड सोडलं, तेव्हा फिकट गुलाबी रंग टिकला. हिशोब केला तर ते निघालं ०.०५ मोलर. सरांच्या वहीत ०.१. तीनदा रीडिंग घेतलं, तेच. शेवटी सर म्हणाले, "हात ठीक आहे रे तुझा, समीकरण बघ."

मी एकास एक धरलं होतं. पण ऑक्झॅलिक अॅसिडचा एक रेणू दोन हायड्रोजन देतो. म्हणून त्याला सोडियम हायड्रॉक्साइड दोन लागतात, आणि तयार होतं एक सोडियम ऑक्झॅलेट आणि दोन पाणी.

गंमत अशी, की लोक हे काम करायला लागले तेव्हा असं समीकरण लिहिताच येत नव्हतं. १७२९ मध्ये फ्रान्समध्ये क्लोद जॉफ्रॉय व्हिनेगरची ताकद मोजत होता. व्हिनेगरमध्ये पोटॅशियम कार्बोनेटची पूड थोडी थोडी टाकायची. फेस यायचा थांबला की बस. पूड जास्त लागली, म्हणजे व्हिनेगर कडक. दोन व्हिनेगरांची तुलना करायला एवढं पुरतं.

पण एका पदार्थावरून दुसऱ्याचं माप काढायचं तर? त्यासाठी प्रमाण हवं. १७९२ पासून जर्मनीत रिश्टरने तेच छापायला घेतलं: कुठल्या अॅसिडला कुठला बेस वजनाने किती लागतो. मग १८०८ मध्ये डाल्टनचा अणू पुस्तकात आला आणि १८१३ च्या सुमारास स्वीडनच्या बर्झेलियसने मूलद्रव्यांना अक्षरं दिली. 'ब्युरेट' आणि 'पिपेट' ही नावं गे-ल्युसॅकची, १८२४ ची.

म्हणजे आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम आधीच चालत होता, तो का चालतो हे नंतर लिहिलं गेलं.

मी मात्र तो 'दोन' म्हणजे दोन्ही बाजू जुळवायची युक्ती समजत होतो. खरं तर ते मोजमाप आहे, कित्येकांनी वजनं करकरून मिळवलेलं. तो गाळला तर ब्युरेट कितीही नीट वाचा, उत्तर निम्मंच येणार.

तेव्हा पुढच्या वेळी नळी उघडायच्या आधी समीकरण लिहा. भेटू पुढच्या भागात!