दबकत चालणाऱ्या शिकारीचे कूळ

एकट्याने, पायी, वाऱ्याला तोंड करून जायचे. दोन-तीन पावले टाकायची आणि बराच वेळ नुसते बघत उभे राहायचे. हरणाच्या या शिकारीला अमेरिकेत ‘स्टिल हंटिंग’ म्हणतात. तिथले अनेक शिकारी तिला सगळ्यांत सचोटीची शिकार मानतात. तिचे कूळ मात्र एवढे सोवळे नाही.

मुळात ही तिथल्या आदिवासींची विद्या. बाणाच्या टप्प्यात यायचे तर हरणाच्या अगदी जवळ पोहोचावे लागे. मऊ तळव्याचे मोकासिन जोडे पायात असले की वाळकी काटकी मोडण्याआधीच पायाला कळते. फ्लोरिडातले टिमुकुआ शिकारी तर हरणाचे अख्खे कातडे पांघरून पाणवठ्याशी जात. थिओडोर द ब्री याने १५९१ मध्ये छापलेल्या एका चित्रात ते दिसतात.

गोऱ्यांनी ही चाल उचलली, हातात बंदूक आली, आणि मग आगगाडीने शहरातला बाजार जंगलाच्या दाराशी आणून ठेवला. १८७०च्या दशकात आणि १८८०च्या सुरुवातीला बायसनचे कळप संपले ते मुख्यतः याच नावाच्या शिकारीने. लांब पल्ल्याची रायफल घेऊन आडोशाला बसायचे आणि एकेक जनावर टिपायचे. धोका कुठून येतोय हे न कळल्यामुळे कळप पळतही नसे. प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हॉर्नडे याने १८८९च्या अहवालात हीच रीत सर्वांत संहारक ठरवली. तो अहवाल वाचल्यावर, शांतपणे केलेली शिकार आपोआप न्यायाची ठरते असे मी तरी म्हणणार नाही.

हरणाच्या शिकारीचे तंत्र मात्र वेगळे. थिओडोर व्हॅन डाइकचे ‘द स्टिल हंटर’ हे पुस्तक १८८२ सालचे, ते हेच तंत्र शिकवते. हरणाला स्थिर माणूस पटकन ओळखू येत नाही, हालचाल मात्र लगेच दिसते. आणि वास लागला की सगळे संपलेच. म्हणून चालणे थोडे, बघणे फार. तेही अख्खे हरीण शोधायचे नाही. उभ्या खोडांमधली पाठीची आडवी रेघ, हललेला कान, एवढेच शोधायचे.

पुढे १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्टच्या पुढाकाराने बून अँड क्रॉकेट क्लब निघाला. जनावराला निसटायची संधी हवी, हा आग्रह त्याने धरला. रात्री दिवा दाखवून किंवा तळ्यात पोहणाऱ्या हरणाला होडीतून मारणे हलके ठरले. मुदत, परवाना, संख्येची मर्यादा आली. या शिकारीला आजची प्रतिष्ठा मिळाली ती या बंधनांमुळे.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला, आणि ते योग्यच झाले. चालण्याला मात्र बंदी नाही. भीमाशंकरच्या परवानगी असलेल्या पायवाटेवर दुर्बीण घेऊन असेच थांबत थांबत जाऊन पाहा.