द्राक्षवेलीला हिवाळा कोठून आणायचा?
महाराष्ट्रातील द्राक्ष व वाईन संशोधनाचा मागोवा

– खास प्रतिनिधी

फेब्रुवारी उजाडला की काशीगाव नाक्यापासून भाईंदर स्थानकापर्यंत हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग दिसू लागतात. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांतून येणारे हे फळ आता इतके आपले झाले आहे की, ते परक्या हवामानातले आहे याचा सहसा विसर पडतो. द्राक्षवेल काळ्या समुद्राच्या पूर्वेकडील कॉकेशस परिसरातून भूमध्य समुद्राच्या काठाने पसरली. जॉर्जियात सापडलेल्या सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत वाईनचे अंश आढळल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. थंडीत ओल आणि उन्हाळ्यात कोरडेपणा, हा त्या प्रदेशाचा स्वभाव. आपल्याकडे नेमके याच्या उलट. पाऊस जूनमध्ये, थंडी बेताची आणि बर्फाचे तर नावच नाही. अशा ठिकाणी ही वेल जगली कशी, फळली कशी आणि पुढे तिच्यापासून वाईन तयार करताना शास्त्रज्ञांपुढे व बागाईतदारांपुढे कोणते प्रश्न उभे राहिले, हा इतिहास हातगाडीवरील द्राक्षांहून अधिक रंजक आहे.

युरोपातील वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. वसंतात तिचे डोळे फुटतात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान वर्षातून एकदाच काढणी होते. महाराष्ट्रात तिला झोप लागत नाही. तिच्या मनाप्रमाणे वाढू दिले तर ती पानांचा डोलारा उभा करील. घड मात्र मोजकेच देईल. म्हणून येथे हिवाळ्याचे काम कात्रीने करावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. तिच्यानंतर फुटलेल्या काड्यांवरील डोळ्यांत साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात पुढील घड आकाराला येतो. या दिवसांत ऊन भरपूर मिळाले, पाणी बेताने दिले आणि वाढ आवरली तर डोळा फळाचा, नाहीतर नुसत्या पानांचा. पुढे ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करायची, म्हणजे ते घड बाहेर पडतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडचा लेप लावला जातो. बागाईतदार त्याला ‘पेस्टिंग’ म्हणतात. एका वर्षात दोनदा छाटणी आणि एकदाच पीक, ही पद्धत म्हणजे उष्ण कटिबंधातील द्राक्षशेतीचा कणा होय.

वेलीला फसविण्याची ही कल्पना आपल्या शेतकऱ्याला नवी नव्हती. डाळिंब हेही इराण व भूमध्य परिसरात रुळलेले फळ. त्याचा बहार धरताना पाणी तोडून झाडाला ताण देतात, पानगळ होऊ देतात आणि मग पाणी सोडतात. आंबे, मृग व हस्त असे तीन बहार त्यातूनच आले. पुरंदर तालुक्यातील अंजीरबागांतही खट्टा आणि मीठा असे दोन बहार धरले जातात. थंडीचे काम तहानेवर भागविण्याची ही युक्ती होय. डाळिंबासाठी २००५ साली सोलापूरला स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले.

बागेतले संशोधक

नाशिक जिल्ह्यात द्राक्ष लागवडीचा आरंभ ओझर येथील रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी १९२५ साली केला, असे सांगितले जाते. त्या काळी भोकरी, फकडी, पंढरी साहेबी या जाती होत्या. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी पंढरी साहेबीच्या रोपांतून निवड केलेली जात ‘चीमा साहेबी’ म्हणून ओळखली गेली. पुढे हैदराबादकडून ‘अनाब-ए-शाही’ आली. बागांचा चेहरामोहरा मात्र बदलला तो बिनबियांच्या ‘थॉमसन सीडलेस’ने. हे नाव अमेरिकी असले तरी जात ‘सुलताना’ या जुन्या पूर्वभूमध्य कुळातली आहे.

यानंतर जे घडले त्याची नोंद विद्यापीठांच्या अहवालांत जेवढी व्हावयास हवी होती तेवढी झालेली नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तासगाव तालुक्यातील बोरगावचे बागाईतदार आर्वे यांनी थॉमसनच्या बागेतील एक वेगळी वेल हेरली. ती पुढे ‘तास-ए-गणेश’ या नावाने राज्यभर पसरली. सोलापूरजवळच्या नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांची ‘सोनाका’ व काळी ‘शरद सीडलेस’ पुढे आणली. निसर्गात एखाद्या डोळ्यात आपोआप बदल होतो; हजारो वेलींतून तो ओळखणारी नजर मात्र रोज बागेत फिरणाऱ्याचीच असावी लागते. मण्यांची जाडी वाढविण्यासाठी वापरले जाणारे जिबरेलिक आम्ल तर जपानमधील भातरोगाच्या अभ्यासातून हाती आले. बुरशीमुळे भाताची रोपे अवाजवी उंच का होतात, याचा शोध घेताना १९२६ साली कुरोसावा यांना त्या द्रव्याचा माग लागला. भाताचा रोग हा द्राक्षाचा मित्र ठरला, असेच म्हणावे लागेल.

संस्थात्मक संशोधनाची केंद्रे दोन्ही पुण्यात आहेत. १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेचे, बारामती तालुक्यातील होळ येथे प्रक्षेत्र आहे. तेथे ‘एआरआय ५१६’ ही जात तयार झाली. अमेरिकी कुळातील ‘कटावबा’ आणि युरोपीय कुळातील ‘ब्यूटी सीडलेस’ यांचा हा संकर बुरशीजन्य रोगांना बऱ्यापैकी दाद देत नाही. शिवाय रस, जॅम व लाल वाईन यांसाठी तो उपयुक्त मानला जातो. दुसरे केंद्र मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. ते १९९७ साली सुरू झाले. ‘पुसा नवरंग’ व ‘फ्लेम सीडलेस’ यांच्या संकरातून तेथे निघालेल्या ‘मांजरी मेडिका’चा गरसुद्धा रंगीत असतो. त्यामुळे रसाला गडद रंग येतो. कीडनाशकांच्या अंशांची तपासणी करणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळाही येथेच आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश आढळल्याने युरोपात गेलेली द्राक्षे अडकली, तेव्हा तिचे महत्त्व बागाईतदारांना नव्याने उमगले. वेलीची वाढ आवरण्यासाठी, म्हणजे डोळ्यात घड धरावा म्हणूनच, हे द्रव्य वापरले जात होते.

खुंटाचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळांवरील किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. १८६८ साली प्लांशों व त्यांच्या सहकाऱ्यांना किडीचा छडा लागला. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तेथील रानटी वेलींच्या मुळांना कीड फारशी बाधत नसे. त्यांच्या खुंटावर युरोपीय वेलीचे कलम करण्याची पद्धत रूढ झाली आणि युरोपची वाईन वाचली. टेक्सासमधील टी. व्ही. मन्सन यांनी या कामी मोठे साहाय्य केले. त्यांच्याच निवडीतील ‘डॉगरिज’ हा खुंट पुढे महाराष्ट्रात आला.

आपल्याकडे तो किडीसाठी आला नाही. १९९० च्या दशकात दुष्काळ आणि विहिरींचे खारट पाणी यांमुळे स्वतःच्या मुळांवरील बागा वाळू लागल्या होत्या. डॉगरिजने कमी पाण्यात व क्षारपड जमिनीत तग धरला. खाण्याच्या द्राक्षांना त्याने अक्षरशः तारले. पण याच खुंटाची एक खोड आहे. तो जमिनीतून पोटॅश फार ओढतो व वेलीला अवाजवी जोम देतो. खाण्याच्या द्राक्षात याचे फारसे काही बिघडत नाही, वाईनमध्ये बिघडते. मण्यातील टार्टारिक आम्लाशी पोटॅश संयोग पावतो, त्याचे खडे होऊन ते पिंपाच्या तळाशी बसतात आणि रसातील आम्लता घटते. आम्लता घटलेल्या वाईनचा लाल रंग मंदावतो, जिवाणूंना वाव मिळतो आणि ती फार काळ टिकत नाही. म्हणून वाईनच्या बागांसाठी ‘११० आर’सारख्या मध्यम जोमाच्या खुंटांकडे संशोधकांचा कल झुकला. परंतु एकदा लावलेली बाग पंधरा वर्षे तरी उभी राहते. खुंट चुकला तर तो बदलता येत नाही; बागच उपटावी लागते. वाईनची प्रत कारखान्यातील पोलादी पिंपात ठरते, अशी शहरी वाचकांची समजूत असते. प्रत्यक्षात तिचा निम्मा निर्णय शेतकऱ्याने पहिल्या वर्षी खड्ड्यात कोणती काडी रोवली त्यावरच झालेला असतो.

उरलेला निर्णय काढणीच्या दिवशी होतो. नाशिककडे वाईनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चदरम्यान तोडली जातात. युरोपात फळ पिकत जाते तसतशी हवा थंड होत जाते. आपल्याकडे फळ पिकता पिकता उन्हाळा चढत असतो. साखर झपाट्याने वाढते, आम्ल त्याहून झपाट्याने उतरते आणि सालीतील रंग व सुवास मागे पडतात. खाण्याचे द्राक्ष १८ ते २० ब्रिक्स गोडीला तोडले तरी चालते. लाल वाईनसाठी २२ ते २४ ब्रिक्स हवे. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्यार्क तयार होतो, असे ढोबळ गणित आहे. ‘शेनिन ब्लांक’, ‘सोव्हिन्यों ब्लांक’ या पांढऱ्या जाती आधी तोडून आम्ल राखले जाते. ‘शिराज’ व ‘कॅबर्ने सोव्हिन्यों’ या लाल जाती मात्र सालीचा रंग परिपक्व होईपर्यंत ठेवाव्या लागतात. रात्रीच्या गारव्यात किंवा पहाटे तोड करायची, पांढऱ्या वाईनचा रस १२ ते १५ अंशांवर संथपणे आंबवायचा, हे सारे उन्हाशी चाललेले भांडणच आहे. नाशिकच्या थंड रात्री या भांडणात बागाईतदाराच्या बाजूने असतात आणि म्हणूनच हा उद्योग तेथे रुजला.

वाईनच्या द्राक्षाला दुसरा गिऱ्हाईक नाही

नारायणगाव येथे १९८० च्या दशकात इंडेज समूहाने फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ वाईन काढली. नाशिकला सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. त्यानुसार नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले. वाईन कंपन्यांनी शेतकऱ्यांशी करार केले आणि लागवड झपाट्याने वाढली. २००८ ची जागतिक मंदी आली, मागणी आटली, साठे पडून राहिले. अनेकांची द्राक्षे वेलीवरच राहिली.

येथे वाईनच्या द्राक्षाचा एक स्वभाव लक्षात घेतला पाहिजे. खाण्याच्या द्राक्षाला भाव मिळाला नाही तर त्याचा बेदाणा करता येतो. सांगली-तासगावची बाजारपेठ त्यावरच उभी आहे. वाईनचे द्राक्ष बारीक, बियांचे आणि जाड सालीचे. ते हातगाडीवर कोणी घेत नाही आणि त्याचा बेदाणाही होत नाही. शिवाय प्रत राखण्यासाठी उत्पादन मुद्दाम कमी ठेवावे लागते. खाण्याचे द्राक्ष एकरी आठ-दहा टन निघत असेल तर याचे चार-पाच टनांवर थांबवायचे. म्हणजे एकच गिऱ्हाईक आणि माल निम्मा. मंदीनंतर अनेकांनी वाईनच्या वेली उपटल्या, काहींनी त्याच खुंटांवर खाण्याच्या जातींचे कलम केले. भारतीय द्राक्ष प्रक्रिया मंडळ २००९ साली पुण्यात सुरू झाले, ते या पडझडीच्या ऐन मोसमात.

पुढे मागणी सावरली. नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन मिळाले, सुला कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली. त्याच वर्षी २७ जानेवारीला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत व सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता. शेतकऱ्यांचा लाभ हे त्याचे कारण सांगण्यात आले; अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी कडाडून विरोध केला आणि निर्णय अंमलात आला नाही. या वादात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव पुष्कळ घेतले गेले. करारात किमान भाव किती वर्षांसाठी बांधून द्यायचा, हा त्याचा खरा प्रश्न चर्चेच्या परिघाबाहेरच राहिला. २९ डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार लागू होऊन तेथील महागड्या वाईनवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरू लागले, ही त्यात पडलेली भर.

पाऊस हा या सर्वांपलीकडचा भागीदार. गोडी छाटणीनंतर कोवळी फूट असताना पाऊस झाला तर डाऊनी, म्हणजे केवडा, हा रोग घडासकट फुटवा जाळतो. १८८० च्या दशकात बोर्डो परिसरात चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर चुना व मोरचूद शिंपडत. त्या वेलींवर हा रोग येत नाही, हे प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले. तेच बोर्डो मिश्रण आजही आपल्या बागांत फवारले जाते. नोव्हेंबर २००९ मधील फयान वादळ, फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट, २०१९ मधील ऑक्टोबर-नोव्हेंबरचा लांबलेला पाऊस यांपुढे मात्र हे मिश्रण अपुरे पडले.

हवामानाचा हा लहरीपणा आता भूमध्य परिसरालाही चुकलेला नाही. फ्रान्समधील बोन या गावी द्राक्षतोडीच्या तारखा १३५४ सालापासून उपलब्ध आहेत. १९८८ नंतर तेथील तोड पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस आधी होऊ लागल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. फळ थंडीऐवजी उन्हात पिकणे, साखर चढणे आणि आम्ल उतरणे या नाशिकच्या जुन्या तक्रारी आता तेथील संशोधकांच्या विषयपत्रिकेवर आहेत. कमी पोटॅश ओढणारा, उष्णता व दुष्काळ सोसणारा खुंट त्यांनाही हवा आहे.