एका भागाकाराचा इतिहास

विजेच्या इस्त्रींतून 230 व्होल्टांच्या दाबानें 5 अँपिअरचा प्रवाह वाहत असेल, तर तिचा रोध किती व तिला शक्ति किती लागते, हा प्रश्न शाळेंतील मुलास घातला तर तो क्षणभरहि अडत नाहीं. 230 ला 5 नें भागिलें कीं 46 ओहम रोध आला. 230 ला 5 नें गुणिलें कीं 1,150 वॅट शक्ति आली. उत्तर बरोबर, गुण पुरे! परंतु हा भागाकार करण्याचा अधिकार आपणांस कसा प्राप्त झाला, हें त्या मुलास सहसा कोणी सांगत नाहीं. फळ्यापुढें बरींच वर्षें उभें राहिल्यावर मला वाटूं लागलें आहे कीं, हा आम्हां शिक्षकांचाच दोष होय.

या भागाकाराच्या उंबरठ्यापर्यंत प्रथम जो पोंचला तो हेन्री कॅव्हेंडिश हा इंग्लंडांतील धनाढ्य, अबोल व एकांतप्रिय शास्त्रज्ञ. 1781 सालीं त्यानें मिठाच्या पाण्यानें भरलेल्या नळ्यांतून विजेचा झटका सोडून पाहिला. प्रवाह मोजण्याचें यंत्र त्या काळीं नव्हतेंच. तेव्हां त्यानें आपला देहच यंत्र केला आणि झटका कमी लागला कीं अधिक, यावरून अनुमान बांधलें. आश्चर्य हें कीं, तें अनुमान पुढें खरें ठरलें. पण त्यानें तें प्रसिद्ध केलें नाहीं. 1810 मध्यें तो वारला, आणि त्याचे कागद नीट तपासून मॅक्सवेलनें ते छापिले 1879 सालीं. जवळजवळ शंभर वर्षें हें ज्ञान टिपणांतच पडून राहिलें.

दरम्यान तें दुसऱ्या एकानें स्वतंत्रपणें शोधून काढिलें होतें. गेऑर्ग सायमन ओहम हा 1789 सालीं जर्मनींतील एर्लांगेन गांवीं जन्मला. बाप कुलुपें करणारा कारागीर. पण स्वतः शिकून त्यानें मुलांस गणिताची गोडी लाविली होती. 1817 पासून ओहम कोलोन येथील शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकवूं लागला. तारेची लांबी वाढविली असतां प्रवाह किती घटतो, हा त्याचा प्रश्न होता. 1825 मध्यें त्यानें आपलें पहिलें सूत्र प्रसिद्ध केलें, आणि तें चुकलें! त्याच्या विद्युद्घटाचा जोर प्रयोग चालू असतांच उतरत असे. जो मापदंड स्वतःच आखडतो, त्यानें मोजमाप कसें व्हावें?

तेव्हां पोगेनडॉर्फ या संपादकानें त्यास एक युक्ति सुचविली: घट सोडून उष्णतेपासून वीज निर्माण करावी. बिस्मथ व तांबें यांचे सांधे जोडून एक सांधा उकळत्या पाण्यांत व दुसरा बर्फांत ठेविला, म्हणजे दोहोंचीं उष्णतामानें स्थिर, म्हणून विजेचा जोरहि स्थिर. 1826 च्या जानेवारींत ओहमनें सारख्या जाडीच्या पण निरनिराळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा या साधनास क्रमाक्रमानें जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकसूचीवरून प्रवाह मोजला. मूळ साधनाच्या रोधांत तारेचा रोध मिळवावा व त्या बेरजेनें विजेच्या जोरास भागावें, म्हणजे प्रवाह येतो, असें त्यास आढळलें. आदल्या वर्षीं छापलेलें आपलें सूत्र त्यानें मुकाट्यानें मागें घेतलें. मला त्याच्या शोधाहून ही गोष्ट मोठी वाटते.

1827 मध्यें बर्लिन येथें त्याचा ग्रंथ निघाला. त्याचें स्वागत थंडपणें झालें; कांहींनीं तर कल्पनेचा खेळ म्हणून त्याची संभावना केली. ओहमनें 1828 सालीं कोलोनची नोकरी सोडली, आणि नूर्नबर्गच्या तंत्रशाळेंत त्यास बरी जागा मिळावयास 1833 साल उजाडावें लागलें. 1841 मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कोप्ली पदक दिलें. म्यूनिक येथील विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचें प्राध्यापकपद त्यास 1852 मध्यें लाभलें, तें अवघीं दोन वर्षें. कारण 1854 सालीं तो निवर्तला.

आतां गुणाकाराकडे वळूं. 1840 च्या सुमारास जेम्स जूल यानें पाण्यांत तारेचें वेटोळें बुडवून पाण्याची उष्णता मोजली. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, असें त्यास दिसलें. ओहमच्या नियमाशीं हें जोडलें कीं दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार हीच शक्ति ठरते. आमच्या इस्त्रीस 230 ऐवजीं 115 व्होल्टच मिळाले, तर प्रवाह अडीच अँपिअर व शक्ति सुमारें 287 वॅट, म्हणजे एक चतुर्थांश. दाब निम्मा झाला म्हणून ऊबहि निम्मी होईल, असें समजणारा फसतो.

आणखी एक सावधगिरी. दाबास प्रवाहानें भागणें हा नुसता भागाकार. तो कोठेंहि करतां येतो. नियम तो नव्हे. दाब बदलला तरी, उष्णतामान तेंच असतां, धातूच्या तारेंत हा भागाकार तोच येतो, हा ओहमचा नियम. जुन्या काचेच्या दिव्यांतील तार तापून पांढरी झाली कीं तिचा रोध थंड स्थितीच्या अनेक पट होतो. म्हणून थंड तारेवरून काढलेलें गणित तेथें चुकतें.

1881 सालीं पॅरिसच्या विद्युत्परिषदेनें रोधाच्या एककास ओहमचें नांव कायम केलें. कॅव्हेंडिशला सत्य आधीं गवसलें होतें, पण तें जगास उपयोगी पडलें नाहीं. ओहमनें चूकहि छापिली, दुरुस्तीहि छापिली, आणि जग तिच्यावर उभें राहिलें. एका मिनिटांत भागाकार उरकणाऱ्या मुलास आपण निदान एवढें सांगावें कीं, बाळ, या छेदाखालच्या आंकड्यापाशीं एका शाळामास्तराची चूक आणि तिची कबुली आहे.