लाडकी बहीण ६५ला थांबते, मग पुढे काय? महिलांच्या पेन्शनचं वय ठरवायचं कसं?

समजा, गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीत राहणाऱ्या एका महिलेच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जानेवारी. खरी तारीख घरात कुणालाच माहीत नाही. कार्ड काढताना अंदाजे वर्ष सांगितलं आणि १ जानेवारी ही तारीख लागली. या कार्डाप्रमाणे ६५ वर्षं पूर्ण झाली की तिचे 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये थांबतात.

मग तिला म्हातारपणाची पेन्शन सुरू होते का? आपोआप तर नाहीच. आणि अर्ज केला तरी मिळेलच असं नाही. नेमका नियम काय आहे, समजून घेऊया.

६५ हा आकडा आला कुठून?

जून २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली, तेव्हा वयाची अट २१ ते ६० होती. काही दिवसांतच वरची मर्यादा ६५ करण्यात आली. ज्येष्ठांसाठीची राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना ६५ पासून सुरू होते. म्हणजे कागदावर तरी एक योजना संपते तिथे दुसरी सुरू होते. दोन्हींची रक्कमही सारखीच, १,५०० रुपये.

मग अडचण कुठे आहे?

उत्पन्नाच्या अटीत. लाडकी बहीणसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. श्रावणबाळसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर ही मर्यादा आहे फक्त २१,००० रुपये. म्हणजे अख्ख्या कुटुंबासाठी महिन्याला १,७५० रुपये.

हा आकडा किती तोकडा आहे ते बघा. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकानेच ६८ दिवस काम केलं तरी २१,००० ओलांडले जातात. आलापल्ली परिसरात तर मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या हंगामावर अनेक घरांचं वर्षाचं गणित ठरतं. हंगाम बरा गेला की कागदावर हे घर 'निराधार' राहत नाही.

म्हणजे ६४व्या वर्षी जी महिला मदतीला पात्र होती, ती ६५व्या वर्षी अपात्र ठरू शकते. तिची परिस्थिती तीच आहे, वय मात्र वाढलंय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं होतं की लाडकी बहीणमधून ५ लाख महिला अपात्र ठरल्या. त्यातल्या १ लाख १० हजार महिला ६५ पेक्षा जास्त वयाच्या होत्या.

इतर राज्यांत काय आहे?

फार लांब जायला नको. अहेरीजवळची प्राणहिता नदी ओलांडली की तेलंगणा. तिथे वृद्धापकाळ पेन्शनचं वय ६५ वरून ५७ वर आणलं गेलं आणि रक्कम आहे २,०१६ रुपये. राजस्थानात महिलांना ५५, तर पुरुषांना ५८व्या वर्षी पेन्शन मिळते. झारखंडने २०२४ मध्ये महिला, आदिवासी आणि दलितांसाठी वय ५० केलं. केंद्राने २०११ मध्येच आपल्या वृद्धापकाळ पेन्शनचं वय ६५ वरून ६० केलं, पण केंद्राचा वाटा ८० वर्षांपर्यंत महिन्याला फक्त २०० रुपये आहे.

आणि महाराष्ट्रातच बहुतेक सरकारी कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात. जंगलात पानं तोडणाऱ्या महिलेला मात्र ६५ पर्यंत थांबावं लागतं.

महिलांसाठी वय कमी असावं का?

विरोधात एक मुद्दा नेहमी येतो: महिला जास्त जगतात. ते खरं आहे. २०१६-२० च्या नमुना नोंदणीनुसार भारतात महिलांचं सरासरी आयुर्मान ७१.४, तर पुरुषांचं ६८.६ वर्षं आहे.

पण आयुष्यभराचं कामही मोजायला हवं. केंद्राच्या २०२४च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरातल्या बिनपगारी कामात महिलांची दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. या कामाचा ना पगार, ना पीएफ.

ब्रिटनने १९९५ मध्ये कायदा करून महिलांचं पेन्शन वय टप्प्याटप्प्याने ६० वरून ६५ करायचं ठरवलं. २०१८ मध्ये ते पुरुषांइतकं झालं आणि २०२० मध्ये दोघांचंही ६६. १९५० च्या दशकात जन्मलेल्या महिलांची मुख्य तक्रार होती, 'आम्हाला वेळेत सांगितलंच नाही.' २०२४ मध्ये तिथल्या संसदीय लोकपालानेही सरकार माहिती देण्यात कमी पडल्याचं म्हटलं. आकडा समान केला म्हणून न्याय होतोच असं नाही, हे यातून दिसतं.

वय सिद्ध कसं करायचं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केलं की आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. शाळाच न पाहिलेल्या महिलेकडे शाळा सोडल्याचा दाखला कुठून येणार? श्रावणबाळसाठी जन्मनोंदीचा उतारा, रेशन कार्ड किंवा मतदार यादीतलं वय आणि सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेला वयाचा दाखलाही चालतो. हे अनेकांना माहीतच नसतं.

आत्ता काय करता येईल?

घरातली आई, आजी, आत्या ६४ वर्षांची असेल तर आधार, रेशन कार्ड आणि मतदार यादीतलं वय जुळतंय का ते आधी तपासा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का ते पाहा. नसेल तर उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. राज्यात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावाही लागतो. अर्ज तहसील कार्यालयात होतो. आलापल्लीकरांसाठी ते अहेरीला आहे.

बाकीचं सरकारच्या हातात आहे. पेन्शनचं वय ६० करणं हा मोठा खर्चाचा निर्णय आहे, त्यावर वाद होईल. पण ६४ला अडीच लाख आणि ६५ला २१ हजार, या फरकाचं उत्तर तरी सरकारने द्यायला हवं.