पुढचा ब्रेक दाबू नको

स्कूटर शिकताना बहुतेकांनी ऐकलेली पहिली सूचना एकच असते: पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील. सांगणारे कधी बाबा असतात, कधी काका, कधी शेजारचा दादा. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ही सूचना जवळपास उलटी आहे. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवायचं मोठं काम पुढचा ब्रेकच करू शकतो. मग एवढी शहाणी माणसं पिढ्यानपिढ्या हे का सांगत राहिली? मला वाटतं, ती ज्या स्कूटरवर शिकली, तिच्यापुरती ही सूचना बरीचशी बरोबर होती. गोम होती पुढचं चाक धरणाऱ्या एका लोखंडी हातात, आणि तो हात इटलीतून आला होता.

दुसऱ्या महायुद्धाआधी पियाजो ही कंपनी विमानं बनवायची. युद्धात तिचा पोंतेदेराचा कारखाना बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला आणि युद्धानंतर विमानांचा धंदाही उरला नाही. लोकांना स्वस्त वाहन हवं होतं. एन्रिको पियाजो यांनी हे काम कोर्रादिनो दास्कानियो या अभियंत्याकडे दिलं. १८९१ साली जन्मलेला हा माणूस मुळात हेलिकॉप्टरवाला. मोटरसायकली त्याला आवडत नसत: तेल उडतं, साखळीने कपडे खराब होतात, पंक्चर झालं की चाक काढताना जीव जातो. १९४६ साली आलेली ९८ सीसीची व्हेस्पा म्हणजे या तक्रारींची उत्तरं होती.

त्यातलं पंक्चरचं उत्तर आपल्या कामाचं. सायकलचा चिमटा चाकाला दोन्ही बाजूंनी धरतो. दास्कानियोने चाक एकाच बाजूने धरलं, विमानाच्या चाकासारखं. नट सैल केले की चाक बाजूला निघतं, स्टेपनी लागते, माणूस पुढे निघतो. चाकही लहान, आठ इंची. हँडलच्या खांबाच्या तळाशी एक बिजागरी, तिथून मागे जाणारा आखूड हात, हाताच्या टोकाला चाक, वर स्प्रिंग. हायड्रॉलिक शॉक अ‍ॅब्सॉर्बर नंतर आला. मागच्या बाजूचं सस्पेन्शन तर १९४८ च्या १२५ सीसी मॉडेलपर्यंत नव्हतंच.

आता तो हात मागे जातो हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ब्रेक लागला की फिरणारं चाक ब्रेकच्या पाटीला आपल्याबरोबर फिरवू पाहतं. पाटी त्या हाताला घट्ट बसवलेली, त्यामुळे हातही फिरू पाहतो. हात बिजागरीपासून मागे जात असेल तर हे फिरणं चाकाला वर ढकलतं, म्हणजेच स्कूटरचं तोंड खाली ओढतं. ब्रेकमुळे वजन पुढे येऊन तोंड खाली जाणारच होतं, त्यात ही भर. स्प्रिंग पूर्ण दबते, आणि नेमका त्याच क्षणी खड्डा आला तर धक्का झेलायला काही शिल्लकच नसतं. जुन्या स्कूटरवर बसलेल्यांना हे शब्दांत सांगावं लागत नाही. पुढचा ब्रेक दाबला की ती नाक खाली घालायची.

ही स्कूटर पुण्याला आली. १९६० च्या सुमारास बजाजने पियाजोच्या परवान्याखाली व्हेस्पा बनवायला घेतली आणि पुढे आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. १९७१ मध्ये परवान्याची मुदत संपली, नूतनीकरण झालं नाही. १९७२ मध्ये चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, रचना १९६० च्या दशकातल्या व्हेस्पा स्प्रिंटची. चाकं दहा इंची, हात तोच, मागे जाणारा.

तिकडे १९७७ मध्ये पियाजोने पीएक्स मालिका आणताना पुढचं सस्पेन्शन सुधारलं आणि ब्रेक दाबल्यावरचं डुबणं कमी केलं. ती रचना ऐंशीच्या दशकात कानपूरच्या एलएमएलमार्फत आपल्याकडे पोचली. चेतक मात्र होती तशीच चालली. का बदलली नाही? कारण बदलायची गरजच पडली नाही. कारखान्याने किती स्कूटर बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवायचा. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. जो माल हातात पडण्याआधीच विकलेला असतो, त्याची स्प्रिंग कोण बदलेल? आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात अशा गोष्टीला लेगसी कोड म्हणतात: चालतंय ना, मग हात लावू नका. फरक इतकाच की इथे बग सांभाळायला घरातली चार माणसं होती. एक मूल पुढे उभं, एक मध्ये, आई मागे आडवी बसलेली. पुढचं मूल हँडलला धरून, म्हणजे बरोबर त्या बुडणाऱ्या टोकावर.

मग बाबा लोकांनी आपल्या परीने उपाय काढला. उजव्या पायाखालचा मागचा ब्रेक वापरायचा आणि पुढचा विसरायचा. दुसरा उपाय गॅरेजात होता: कडक स्प्रिंग, नवा शॉकअप, झिजलेले बुश बदलणं, नाहीतर स्प्रिंगखाली एखादा वॉशर. वॉशर घातला की स्प्रिंग कडक होते असं आजही कुणीही सांगेल. ती होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या संख्येवर आणि व्यासावर असतो. वॉशरने ती बसवतानाच थोडी जास्त दाबली जाते, त्यामुळे गाडी पुढून जरा उंच उभी राहते आणि खाली जायला थोडी जास्त जागा मिळते. चौघांना घेऊन जाणाऱ्या स्कूटरला तेवढंही बरंच होतं, हे मान्य.

आज जाहिरातीत 'टेलिस्कोपिक' हा शब्द नव्या तंत्रज्ञानासारखा येतो, त्याची मला गंमत वाटते. नळीत नळी सरकणारा, आत तेल असलेला फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ मध्येच मोटरसायकलवर आणला होता. व्हेस्पापेक्षा तो अकरा वर्षांनी जुना. आपल्या स्कूटरवर तो सर्रास दिसायला मात्र हे शतक उजाडावं लागलं. ॲक्टिव्हा २००१ मध्ये आली ती बॉटम लिंक घेऊन. सुझुकी ॲक्सेस २००७ मध्ये आणि टीव्हीएस ज्युपिटर २०१३ मध्ये टेलिस्कोपिक घेऊन आल्या. स्पर्धा होती, गिऱ्हाईक दुसऱ्या शोरूममध्ये जाऊ शकत होतं. शेवटी जानेवारी २०२० मध्ये ॲक्टिव्हा ६जी टेलिस्कोपिक झाली, पुढचं चाकही बारा इंची झालं.

त्याच महिन्यात बजाजची इलेक्ट्रिक चेतक पुणे आणि बेंगळुरूत विक्रीला आली. तिच्या पुढच्या चाकाला पुन्हा एकच हात आहे, फक्त आता तो बिजागरीपासून पुढे जातो. मघाचाच हिशेब उलटा करा: ब्रेकचं फिरणं चाकाला खाली ढकलतं, तोंड वर धरतं. म्हणजे दोष एकच हात असण्यात नव्हता, तो कुठल्या दिशेला आहे त्यात होता. ही दुरुस्ती चेतक नावाच्या गाडीत यायला ४८ वर्षं लागली.

तुलनेला एक अलीकडची गोष्ट. ओलाच्या एस१ स्कूटरलाही पुढे एकाच बाजूचा फोर्क होता. तो तुटल्याचे फोटो समाजमाध्यमांवर फिरले. मार्च २०२३ मध्ये कंपनीने ग्राहकांना नवा फोर्क मोफत बसवून द्यायचं जाहीर केलं आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या पिढीत टेलिस्कोपिक फोर्क आला. पहिली डिलिव्हरी ते बदल, दोन वर्षंही नाहीत.

सवयी मात्र सुट्या भागांसारख्या बदलत नाहीत. पुढचा ब्रेक सुधारला, फोर्क सुधारला, तरी सूचना तीच राहिली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं. कॉम्बी ब्रेकच्या स्कूटरवर डावी मूठ दाबली की मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक लागतो. पुढचा ब्रेक आयुष्यात न दाबलेली माणसं आता रोज तो दाबतात, त्यांना पत्ता नसतो.

तुमच्या स्कूटरचा फोर्क बदलावासा वाटत असेल तर आधी तो मोजा. मेन स्टँडवर मागून सीट दाबली की पुढचं चाक हवेत जातं; तेव्हा चाकाच्या आसापासून वर हँडलजवळच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग स्टँड काढून, नेहमीचं ओझं घेऊन बसा आणि दुसऱ्याला तेच अंतर घ्यायला सांगा. दोन्हीतला फरक फोर्कच्या एकूण प्रवासाच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका असावा. फारच जास्त असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा तुमच्या वजनाला कमी पडते आहे. बहुतेक स्कूटरना पुढे फिरवायचा कुठलाही स्क्रू नसतो, त्यामुळे हातात दोनच गोष्टी उरतात: स्प्रिंग आणि आतलं तेल. जाड तेलाने डुबणं सावकाश होतं, पण छोटे धक्के मनगटात येतात. पातळ तेलाने उलट. नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर सील गेलं आहे, मग बाकी काही विचारात घेण्याआधी ते बदला. गॅरेजवाला पुढचा ब्रेक दाबून हँडल दोन-तीनदा खाली दाबतो, ते हेच बघायला. हँडल एका दमात वर येऊन थांबायला हवं. ते दोनदा डुललं तर तेल बदलायची वेळ झाली.