गवसणी : पितळी महावाद्य वाहून नेण्याचा इतिहास

१/ ‘आकाशाला गवसणी घालणे’ हा वाक्प्रचार सर्वांच्या तोंडी आहे. गवसणी म्हणजे काय, हे मात्र फारसे कुणाला आठवत नाही. तंबोरा, वीणा यांसारख्या वाद्यांवर चढवायची खोळ म्हणजे गवसणी. पण वाद्य पितळेचे, दहा-बारा किलो वजनाचे आणि माणसाच्या धडाएवढे असेल, तर त्याला गवसणी कशी निवडायची? हा प्रश्न दुकानातला वाटतो. त्याचे उत्तर मात्र सैन्याच्या संचलनात, रेल्वेच्या प्रवासात आणि रसायनशास्त्रात दडलेले आहे. (थ्रेड)

२/ युरोपातील मोठ्या मंद्र सुषिर वाद्यांची कथा ‘सर्पंट’पासून सुरू होते. इ. स. १५९० च्या सुमारास फ्रान्समधील ओसेर येथील एद्मे गियोम या धर्मगुरूने ते घडवले, असे परंपरा सांगते. सुमारे अडीच मीटरची नळी सापासारखी वळवलेली. लाकडाचे दोन कोरीव अर्धभाग एकमेकांना चिकटवायचे आणि वरून चामडे मढवायचे. त्या चामड्याने सांधे घट्ट राहत आणि लाकूडही जपले जाई. आवरण वाद्याच्या अंगाचाच भाग होते.

३/ १८१८ मध्ये श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांना प्रशियात व्हॉल्व्हचे पेटंट मिळाले आणि पितळी वाद्यांचे जग पालटले. १२ सप्टेंबर १८३५ रोजी बर्लिनमध्ये विल्हेल्म व्हीप्रेख्ट आणि कारागीर योहान गॉटफ्रीड मोरित्स यांनी ‘बास ट्युबा’चे पेटंट घेतले. त्याची नळी सरळ केली, तर साधारण ३.७ मीटर भरते. पुढे आलेल्या अधिक खर्जाच्या ट्युबात ती ५.५ मीटरच्या आसपास गेली.

४/ व्हीप्रेख्ट हा प्रशियाच्या लष्करी बँडांचा सूत्रधार होता, ही गोष्ट येथे महत्त्वाची. ट्युबा जन्मला तो चालत्या फौजेसाठी. वादकाचे दोन्ही हात वाद्यात गुंतलेले, पायांखाली खडबडीत रस्ता, तासन्‌तास चाल. त्यामुळे वाहतुकीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर पिशवीने दिले नाही. ते वाद्याच्या आकारानेच दिले.

५/ अमेरिकेत १८३८ मध्ये डॉडवर्थ कुटुंबाने खांद्यावरून मागे तोंड वळलेली शिंगे आणली. मागून चालणाऱ्या सैनिकांना सूर ऐकू जावा, हा त्यामागचा हेतू. १८६१–६५ च्या यादवी युद्धात ती सर्रास वापरली गेली. इकडे १८४० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएन्नात ‘हेलिकॉन’ आले. त्याची नळी वर्तुळात वळवलेली असे. ती डोक्यावरून घालून एका खांद्यावर टेकवायची. आता भार हातांवरून शरीरावर आला.

६/ याच वळणावर सूझाफोन उभा राहिला. बँडनायक जॉन फिलिप सूझा यांना सूर पुढे झेपावण्याऐवजी बँडभर पसरलेला हवा होता. त्यांच्या सूचनेवरून १८९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या जे. डब्ल्यू. पेपर यांनी आकाशाकडे तोंड असलेले वाद्य घडवले. १८९८ मध्ये कॉन कंपनीने आपले रूप आणले. वर उघडलेल्या या कर्ण्याला ‘पाऊस झेलणारा’ असे थट्टेचे नाव पडले. समोर तोंड असलेला आजचा परिचित कर्णा त्यानंतरचा.

७/ पण आकाराने सोडवलेला प्रश्न वाजवतानाचा होता. वाजवून झाल्यावर काय? सूझा यांचा बँड वर्षानुवर्षे रेल्वेने फिरला, १९१०–११ मध्ये तर जगप्रदक्षिणा करून आला. अंगाभोवती छान बसणारे वर्तुळ सामानात मात्र बसत नाही. म्हणून सूझाफोनचा कर्णा सुटा होतो आणि बहुधा धड व कर्णा वेगवेगळे बांधले जातात. खांद्याला सोयीचा आकार पेटीला गैरसोयीचा ठरला.

८/ पेटी वा पिशवी नेमके काय वाचवते? येथे धातूचा स्वभाव कळायला हवा. तंबोऱ्याचा भोपळा फुटतो. पितळेला पोचा पडतो. कर्ण्याचा पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. पण प्रत्येक पोचा सारखा नव्हे. रुंद कर्ण्यावरचा लहान पोचा बहुतांशी शोभेची हानी करतो. मुखाजवळच्या अरुंद नळीतला तेवढाच पोचा सूर बिघडवतो. आणि व्हॉल्व्ह किंचित जरी वाकला, तरी तो अडकतो व वाद्य मुके होते.

९/ ‘पोचा काय, ठोकून काढता येतो,’ असे कुणी म्हणेल. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबटांना याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ठोके बसतील तसा धातू कठीण होत जातो. तापवून पुन्हा मऊ केला नाही, तर अखेर तडकतो. वाद्याच्या बाबतीत तापवणे म्हणजे वरचे लाखेचे लेपन आणि डाकाचे सांधे धोक्यात घालणे. म्हणून दुरुस्तीपेक्षा आवरण स्वस्त.

१०/ पितळेचा दुसरा शत्रू भारतातच ओळखला गेला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेच्या साठ्यातील पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. त्यांना ‘हंगामी तडे’ असे नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण उलगडले : घडवताना धातूत उरलेला ताण आणि दमट हवेतला, घोड्यांच्या तबेल्यांतून येणारा अमोनिया. दोष ठोकरीचा नव्हता, साठवणुकीचा होता.

११/ म्हणजे आवरणाने धक्का अडवणे पुरेसे नाही. त्याने स्वतः विष होऊ नये. ओकसारखे लाकूड आम्लाची वाफ सोडते. लोकर आणि गंधक मिसळलेले रबर चांदीचा मुलामा काळवंडवतात. ओली पिशवी बंद करून ठेवली, तर आतली दमट हवा धातूला खात राहते. पावसाळ्यात वाद्य पुसून आणि पिशवी उघडी वाळवूनच ठेवावी, हा नियम यातूनच निघतो.

१२/ मऊ पिशवीचे युग विसाव्या शतकाचे. १९३५ मध्ये नायलॉन प्रयोगशाळेत तयार झाले; १९३७ मध्ये ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा मार्ग दाखवला आणि पुढे त्याचा मऊ फोम बाजारात आला. चिवट कापड आणि हलका फोम एकत्र आले. जॅझ वादकांच्या बोलीत कार्यक्रमाला ‘गिग’ म्हणत. त्यावरून ‘गिग बॅग’ हे नाव. मात्र हा फोमही अमर नाही. दमट हवेत वर्षांनुवर्षे राहिला, की चिकट होऊन भुगा होतो.

१३/ मग निवड कशी करावी? आधी प्रवास पाहावा, मग पिशवी. वाद्य ट्रकमध्ये इतर सामानाखाली जाणार असेल, तर कठीण पेटीला पर्याय नाही. वादक एकटा, बसने वा लोकलने जाणार असेल, तर तीच पेटी वाद्याइतकाच भार लादते. तेथे पाठीवरची पिशवी शहाणपणाची.

१४/ पिशवी घेताना वाद्याची उंची, कर्ण्याचा व्यास आणि व्हॉल्व्ह पुढे आहेत की वर, हे मोजून घ्यावे. सैल पिशवीत वाद्य आतल्या आत आपटते. फोम कर्ण्याची कड, व्हॉल्व्ह आणि तळाचे वळण येथे जाड हवा. चेन धातूला घासू नये म्हणून आतून पट्टी हवी. मुखवाद्यासाठी वेगळा कप्पा हवाच. सुटे मुखवाद्य आतूनच पोचे पाडते. रुंद खांदेपट्टे आणि पक्की शिवण यांत काटकसर करू नये.

१५/ महाराष्ट्रातल्या लग्नसराईत टेम्पोतून उतरणारे सूझाफोन आणि युफोनियम याच इतिहासाचे वारस आहेत. त्यांतली कितीतरी वाद्ये मेरठच्या कारखान्यांतून येतात. तेथे पोचा म्हणजे केवळ शोभेची हानी नव्हे. मोसम मोजक्या महिन्यांचा असतो. व्हॉल्व्ह अडकला, तर बुडते ती वादकाची त्या दिवसाची कमाई.

१६/ संग्रहालये ट्युबा जपतात. फाटलेली पिशवी कुणी जपत नाही. वाद्य कुणी घडवले याची पेटंटे उरतात. ते कुणाच्या खांद्यावरून, किती कोस गेले याची नोंद उरत नाही. जुन्या ट्युबावरच्या पोच्यांत आणि झिजलेल्या लेपनात ती नोंद थोडीफार सापडते. पुढच्या वेळी वरातीत तसे वाद्य दिसले, तर कर्ण्याबरोबर ते कशात गुंडाळून आणले आहे, तेही पाहावे. (समाप्त)